मोशे अंधारात शिरला तेव्हा

बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाचा विसावा अध्याय दहा आज्ञांसाठी प्रसिद्ध आहे. आज्ञा देऊन झाल्यावर लगेच जे घडतं, तिकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. सीनाय पर्वत धुमसतो आहे, ढग गडगडताहेत, आणि इजिप्तच्या गुलामीतून नुकतेच सुटलेले लोक भिऊन मागे सरकले आहेत. मोशे एकटा पुढे होतो. तो दाट काळोखात शिरतो, कारण देव त्या काळोखात आहे.

इथे वाचणाऱ्याने थबकायला हवं. देव म्हटलं की आपला हात दिव्याकडे जातो. देवघरात समई असते, चर्चच्या वेदीवर मेणबत्त्या असतात. बायबलमधलंच योहानाचं पहिलं पत्र सांगतं की देव प्रकाश आहे आणि त्याच्या ठायी अंधाराचा लवलेश नाही. मग मोशे त्या अंधारात कुणाला भेटायला गेला?

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेगरी नावाच्या एका बिशपने मोशेची गोष्ट सलग वाचली आणि तिच्यातला क्रम त्याच्या ध्यानात आला. देवाशी मोशेची पहिली गाठ पडते ती जळत्या झुडपापाशी, म्हणजे लख्ख उजेडात. पुढे वाळवंटात ढग वाट दाखवतो. आणि डोंगरमाथ्यावर, जिथे तो देवाच्या सगळ्यांत जवळ पोचतो, तिथे काळोख. जितकं जवळ जावं तितकं दिसेनासं होत जातं. ग्रेगरी म्हणाला की मोशेची प्रगती झाली ती अशीच. देवाला पाहणं म्हणजे काय, तर त्याला पाहता येत नाही हे उमगणं.

एवढंच वाक्य सुटं ऐकलं तर ते कोड्यासारखं वाटेल. पण त्यामागे पन्नास-साठ वर्षांचा एक कडाक्याचा वाद आहे, एक विलक्षण घराणं आहे, आणि शेवटी त्यातून असं काही निघालं की गुलामांच्या बाजारापर्यंत त्याचे पडसाद पोचायला हवे होते. ते सगळं सांगण्याजोगं आहे.

ग्रेगरीचा जन्म ३३५ सालच्या आसपासचा, कॅपाडोशिया भागातल्या घराण्यातला. आजच्या तुर्कस्तानच्या मध्यभागी मऊ खडकांच्या सुळक्यांचा तो मुलूख आहे. हल्ली पर्यटक तिथे गरम हवेच्या फुग्यांत बसायला जातात. घर सधन, जमीनजुमला भरपूर. आजी-आजोबांनी श्रद्धेपायी रोमन सत्तेचा छळ सोसलेला, काही वर्षं रानात लपून काढलेली. थोरली बहीण मॅक्रिना. मोठा भाऊ बेसिल अथेन्सला शिकून आलेला. पुढे तो सीझरियाचा, म्हणजे आजच्या कायसेरीचा बिशप झाला. दुष्काळात त्याने लोकांना जेवू घातलं, शहराबाहेर रुग्ण, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठं आश्रयस्थान उभारलं. ३७२च्या सुमाराला त्यानेच धाकट्या भावाला निसा नावाच्या लहानशा गावी बिशप म्हणून पाठवलं. म्हणून इतिहासात हा ‘निसाचा ग्रेगरी’.

वाद असा होता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरिअस शिकवत होता की देवाचा पुत्र कितीही थोर असला तरी तो निर्माण केलेला आहे. पित्याच्या बरोबरीचा नाही. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया इथे महासभा बोलावली. तिने एरिअसचं मत फेटाळलं आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं जाहीर केलं. जाहीर झालं, पण मिटलं नाही. सम्राट बदलला की पारडं फिरे, बिशप हद्दपार होत आणि परत येत. नायसियाचा खंदा पाठीराखा अथनेशिअस पाच वेळा परागंदा झाला. ३७६ साली ग्रेगरीलाही आपलं पद गमवावं लागलं आणि सम्राट व्हॅलेन्स ३७८ साली लढाईत पडल्यावरच तो परतू शकला. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तर सराफापासून पाववाल्यापर्यंत जो तो पिता-पुत्राच्या नात्यावर वाद घालत बसलेला असे, अशी तक्रार ग्रेगरीने एका प्रवचनात केली आहे. तो वैतागला होता. मला मात्र त्या शहराचं अप्रूप वाटतं. पावाचा भाव विचारायला गेलेल्या माणसाला देव कसा आहे याची चर्चा ऐकावी लागावी, असं शहर जगाच्या पाठीवर किती वेळा झालं असेल?

या गदारोळात युनोमिअस नावाचा एक बुद्धिमान माणूस पुढे आला. तोही कॅपाडोशियाचाच. त्याचा युक्तिवाद इतका नेटका होता की आजही वाचताना क्षणभर पटून जातो. देव कुणापासून जन्मला नाही. तो अजन्मा आहे. युनोमिअसच्या मते हा देवाच्या अनेक गुणांपैकी एक गुण नव्हता, हेच त्याचं सार होतं. हे एक नीट कळलं की देव म्हणजे काय ते कळलं. आता पुत्र तर पित्यापासून जन्मलेला. म्हणजे त्याचं सार वेगळं, म्हणजे तो देव नव्हे. दोन पायऱ्या आणि निकाल. पाचव्या शतकातला एक चर्च-इतिहासकार तर युनोमिअसच्या नावावर असं मत नोंदवतो की देवाला स्वतःविषयी जितकं ठाऊक आहे, तितकंच आपल्यालाही ठाऊक होऊ शकतं. ते त्याचे शब्द होते का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण त्याच्या विचाराचा रोख तिकडेच होता.

इथे वाद एकदम खोल पाण्यात गेला. पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे की नाही, हा प्रश्न होताच. त्याच्या तळाशी आता दुसरा दिसू लागला: देव माणसाच्या व्याख्येत मावतो का?

बेसिलने पहिलं उत्तर ३६४च्या सुमाराला दिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. देव जे करतो त्यावरून आपण त्याला ओळखतो. त्याची कृती आपल्यापर्यंत येते. त्याचं सार आपल्या आवाक्याबाहेर राहतं. त्याला आपण शहाणा म्हणतो, चांगला म्हणतो, न्यायी म्हणतो, अजन्मा म्हणतो, ते सगळं खरं आहे. पण त्यातलं कुठलंही एक त्याला पुरतं सांगत नाही. युनोमिअसने याला सविस्तर प्रत्युत्तर लिहिलं. ३७९च्या सुरुवातीला बेसिल वारला आणि भावाचं भांडण ग्रेगरीच्या अंगावर आलं.

ग्रेगरीने आपल्या उत्तरात एका जागी युनोमिअसला मुंगीविषयी विचारलं आहे. देवाचं सार जाणल्याचा दावा करणाऱ्याने आधी या पायाखालच्या किड्याचं सार सांगावं. ती श्वास घेते का? तिचा जीव कशाच्या बळावर टिकतो? एवढ्याशा देहात हाडं, सांधे, शिरा यांची काय व्यवस्था आहे? युनोमिअसला गप्प करायला प्रश्नांची ही फैर पुरेशी होती. पण मला तिच्यात निव्वळ वादातला डाव दिसत नाही. हा बिशप खरोखर मुंगीकडे वाकून बघत होता.

आज शाळेतली मुलंही सांगतील की मुंगीला फुप्फुसं नसतात, शरीराच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते. म्हणजे ग्रेगरीच्या काही प्रश्नांची उत्तरं मिळाली. त्याला आनंदच झाला असता, कारण न विचारता हात जोडून बसा असं त्याने कधीच सांगितलं नाही. मोशेचा अंधार हा डोंगर चढून गेल्यावरचा आहे. पायथ्याशी बसून ‘देवाचं काय ते आपल्याला कळायचं नाही’ असं म्हणणाऱ्याच्या वाट्याला तो येत नाही. हा फरक फार मोलाचा आहे. तो सुटला तर ग्रेगरीचा सगळा विचार आळसाची सबब होऊन बसेल.

युनोमिअसला उत्तर देताना ग्रेगरीने जी झेप घेतली ती आता बघू. तो म्हणाला, देव अनंत आहे.

आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण देव अनंत असल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ग्रीक शिक्षण घेतलेल्या माणसाच्या कानाला हे चमत्कारिक लागणारं होतं. त्या परंपरेत पूर्णत्व म्हणजे रेखीवपणा. जे पूर्ण झालं त्याला कडा असतात, आकार असतो. अनंत म्हणजे अर्धवट, ज्याच्या बाहेर नेहमी काहीतरी उरतंच असं. ॲरिस्टॉटलने तशीच मांडणी केली होती. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिगेन तर इथवर गेला की देवाचं सामर्थ्य मर्यादित असलंच पाहिजे. ते अमर्याद असतं तर देवाला स्वतःचंही पुरतं आकलन झालं नसतं. ओरिगेन हा लहान माणूस नव्हे. ग्रेगरीच्या घरात त्याचे ग्रंथ आदराने वाचले जात. त्यालाही अनंत देवाची कल्पना झेपली नाही.

ग्रेगरीने यावर जो तर्क लढवला तो इतका सोपा आहे की आधी कुणाला कसा सुचला नाही असं वाटावं. कुठलीही गोष्ट संपते कुठे? तिच्या विरुद्ध गोष्ट सुरू होते तिथे. मरण आलं की जगणं थांबतं, रात्र झाली की दिवस थांबतो, वाईटपणा शिरला की चांगुलपणा थांबतो. आता देव म्हणजे निखळ चांगुलपणा, ज्यात वाईटाचा अंश शिरूच शकत नाही. मग त्या चांगुलपणाला थांबवणारं काय उरलं? काहीच नाही. म्हणून त्याला हद्द नाही.

हे आपण सावकाश मनात घोळवलं तर त्याचा अर्थ किती दूर जातो हे जाणवतं. देव अनंत आहे तो आकाशासारखा लांबरुंद म्हणून नव्हे. त्याच्या भलेपणाला तळ नाही म्हणून तो अनंत आहे. आणि व्याख्या करणं म्हणजे तर हद्द आखणं. युनोमिअसची चूक गणिताची नव्हती. त्याचा दोन पायऱ्यांचा हिशोब ज्या जमिनीवर उभा होता, ती जमीनच तिथे नव्हती.

आणखी एक गाठ यातून सुटली. ओरिगेनची अशी समजूत होती की फार पूर्वी सगळे आत्मे देवाच्या दर्शनात मग्न होते, पण हळूहळू त्यांचं मन त्यातून उडालं आणि ते खाली घसरले. स्वर्गाविषयी अनेकांच्या मनात, उघड बोलत नसले तरी, हीच धाकधूक असते: अनंतकाळ तेच ते बघत राहायचं तर कंटाळा येणार नाही का? ग्रेगरी म्हणतो, नाही येणार, कारण ‘तेच ते’ तिथे नाहीच. ‘गीतरत्न’ या बायबलमधल्या प्रेमकाव्यावर प्रवचन देताना त्याने एक चित्र उभं केलं आहे. जमिनीतून उफाळणाऱ्या झऱ्याच्या काठी एखादा उभा आहे. पाणी तो बघतोच आहे, खोटं काही बघत नाही. पण सगळं पाणी बघून झालं असं तो कधी म्हणू शकेल? कितीही वेळ उभा राहिला तरी झरा नुकताच फुटल्यासारखा. देवाकडे बघणाऱ्याचं तसं होतं. मिळतं ते खरं असतं, मन भरतं, आणि भरलेल्या मनाची भूक आणखी वाढते.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, मागचं विसरून पुढच्याकडे झेपावत राहण्याविषयी लिहिलं आहे. ग्रेगरीने ते उचललं आणि त्याचा विस्तार मृत्यूच्याही पलीकडे नेला. बदलणं हा माणसाचा कमीपणा, असं जुने तत्त्वज्ञ मानत. न बदलणारं तेच श्रेष्ठ. ग्रेगरीला बदलण्याच्या त्या क्षमतेतच माणसाचे पंख दिसले. माणूस चांगल्यातून अधिक चांगल्याकडे बदलत राहू शकतो, आणि देवाला हद्द नसल्यामुळे हा प्रवास कधी संपत नाही. त्याच्या लेखी माणसाचं पूर्णत्व म्हणजे वाढत राहणं.

आयुष्याच्या उतारावर, ३९०च्या आसपास, ग्रेगरीने ‘मोशेचं जीवन’ हे छोटंसं पुस्तक लिहिलं. परिपूर्ण आयुष्य कशाला म्हणावं असं त्याला एका तरुणाने विचारलं होतं, त्याला दिलेलं हे उत्तर. मोशेचं सीनायवर चढणं आणि काळोखात शिरणं याचा उलगडा यातच आहे. मनाची पकड जिथे सुटते, तिथे देवाची जवळीक सुरू होते, असं तो सांगतो. त्यातलं एक ठिकाण मला फार धारदार वाटतं. दहा आज्ञांमध्ये मूर्ती करू नका अशी आज्ञा आहे. ग्रेगरी ती दगड-लाकडाशी थांबवत नाही. देवाची जी कल्पना आपण मनात घडवतो आणि ‘हाच देव’ म्हणून कवटाळून बसतो, तीही मूर्तीच आहे, असं तो म्हणतो. श्रद्धावान माणसाला उद्देशून इतकं कठोर बोलायला धैर्य लागतं, कारण यात आधी त्याच्या स्वतःच्याच कल्पना अडकतात.

पुढे ‘निर्गम’च्या तेहतिसाव्या अध्यायात मोशे देवाला म्हणतो, तुझं तेज मला दाखव. देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो आणि सांगतो, तुला माझी पाठ दिसेल, माझं तोंड दिसणार नाही. देवाला पाठ कुठली? शब्दशः घेतलं तर अर्थ लागत नाही, हे ग्रेगरी स्वतःच दाखवून देतो. मग तो म्हणतो, वाटाड्याची पाठ कुणाला दिसते? त्याच्या मागून चालणाऱ्याला. जो वाटाड्याच्या समोर येऊन उभा राहिला, तो उलट दिशेला निघालेला असतो. देवाच्या मागून जाणं हेच देवाला पाहणं.

मोशेची ती जुनी, अडचणीची ओळ अशी एकदम उजळते! आणि येशू आपल्या शिष्यांना सारखा ‘माझ्यामागे ये’ का म्हणत राहिला, तेही कळतं. नायसियाचा निकाल ग्रेगरीला इतका महत्त्वाचा का वाटला, त्याचं उत्तरही इथेच आहे. ज्याच्या मागून चालायचं तो निर्माण केलेला दूत असेल, तर देव अजून दूरच राहिला. तो स्वतः देव असेल, तर जो बुद्धीच्या पकडीत येत नाही तोच आपण होऊन पायवाटेवर उतरला. ग्रेगरीच्या दृष्टीने देवाचं सामर्थ्य विशाल आकाशात दिसतं त्याहून जास्त, तो आपल्या दुबळेपणापर्यंत खाली आला त्यात दिसतं.

आता मॅक्रिनाकडे वळायला हवं, कारण हा विचार घरातून आला होता. वडिलांनी तिचं लग्न ठरवलं होतं, पण नवरदेव लग्नाआधीच वारला. तिने दुसरं लग्न नाकारलं आणि पुढे इरिस नदीकाठच्या आनिसा गावच्या वाड्यात साधं, प्रार्थनेचं जीवन सुरू केलं. तिने आईला राजी केलं आणि घरातल्या दासींना बरोबरीचं स्थान दिलं: एक पंगत, एकसारखं अंथरूण, मालकीण-मोलकरीण हा भेद बंद. बेसिल गेल्यानंतर काही महिन्यांनी ग्रेगरी तिला भेटायला गेला, तेव्हा ती जमिनीवर टाकलेल्या फळीवर पडून शेवटचे श्वास मोजत होती. भाऊ रडत होता आणि बहीण त्याला आत्म्याविषयी समजावत होती. पुढे त्याने तो संवाद लिहिला, तेव्हा शंका काढणारा शिष्य स्वतःला केलं आणि तिला गुरू म्हटलं. जे सुंदर आहे त्याला अंत नाही, म्हणून त्याच्यावरच्या प्रेमालाही अंत नाही, हा विचार त्या संवादात मॅक्रिनाच्या तोंडी आहे.

यानंतर थोड्याच वर्षांत ग्रेगरीने ‘उपदेशक’ या बायबलमधल्या पुस्तकावर प्रवचनं दिली. त्याच्या दुसऱ्या अध्यायात एक राजा आपली संपत्ती मोजताना म्हणतो की मी दासदासी विकत घेतल्या. ग्रेगरीला ही ओळ ओलांडून पुढे जाता आलं नाही. त्याने श्रोत्यांना विचारलं: माणूस देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे, या प्रतिमेची किंमत तुम्ही कोणत्या नाण्यात केलीत? सारी पृथ्वी ज्याच्या स्वाधीन केली, त्याला विकायचं तर पृथ्वीही किमतीत कमी पडेल. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं आणि तो स्वतःही ते परत घेत नाही. मग देवाच्या वर बसून ते हिरावणारे तुम्ही कोण? आणि विक्रीचा कागद हातात आला म्हणून मालक आणि गुलाम यांच्यात फरक कोणता पडला? दोघं सारखेच जन्मतात, दोघांना सारखंच दुखतं, दोघं एकाच मातीत जातात.

त्या काळी हे कोण बोलत होतं? गुलामांना दयेने वागवा, असं सांगणारे पुष्कळ होते. बेसिल, क्रिसोस्टम, ऑगस्टिन या थोर धर्मगुरूंनीही गुलामगिरी पापाने बिघडलेल्या जगाचा भाग म्हणून चालू राहणार असंच धरलं. माणसाने माणसाचं मालक होणं हीच गोष्ट मुळात देवाविरुद्धचा उद्दामपणा आहे, असं ठणकावून सांगणारा प्राचीन जगातला सर्वांत स्पष्ट आवाज म्हणून अभ्यासक आज ग्रेगरीच्या या प्रवचनाकडे बोट दाखवतात.

मला वाटतं, मुंगीपासून इथपर्यंत एकच धागा आहे, आणि तो ग्रेगरीच्या लेखनात प्रत्यक्ष सापडतो. ‘माणसाची घडण’ या पुस्तकात तो विचारतो की स्वतःचं मन कुणाला पुरतं कळलं आहे? ते कळत नाही याचं कारण तो देतो: ज्याला मापता येत नाही त्याची ती प्रतिमा आहे, मग प्रतिमेलाही मापता येणार नाही. देव कुणाच्या व्याख्येत सामावत नाही, आणि म्हणून माणूस कुणाच्या कागदावर मालमत्ता म्हणून सामावत नाही. देवाविषयीची समज खरी होत गेली की तिचा परिणाम शेजारच्या माणसाकडे बघण्याच्या नजरेवर होतो, याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

हेही नोंदवलं पाहिजे की त्या प्रवचनानंतर साम्राज्यातली गुलामगिरी गेली नाही. ती आणखी कित्येक शतकं चालली, ख्रिस्ती राजांच्या राज्यांतही चालली, आणि ग्रेगरीने ती मोडून काढायला चळवळ उभारली असंही नाही. शब्द उच्चारले गेले आणि तसेच पडून राहिले. याचं दुःख वाटतं.

३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या महासभेने नायसियाचा निर्णय पक्का केला. ग्रेगरी तिथे हजर होता. त्या परंपरेतली श्रद्धेची घोषणा आजही वसईपासून अहिल्यानगरपर्यंत अनेक चर्चमधून मराठीत म्हटली जाते. आणि तो वाद आपल्या एका मराठी बाईनेही मोठ्या ताकदीने घातला होता. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुढच्या दोन-तीन वर्षांत वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षिका डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात पुत्राचं देवत्व आणि त्र्यैक्य यांवर त्या निर्भीडपणे शंका घेताना दिसतात. अधिकारी सांगतात म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड टाकून दुसऱ्याचं मानेवर घ्यायचं नव्हतं. शिकवणाऱ्यांना हा हट्ट वाटला. मला त्यात कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातली तीच तहान दिसते. पुढे वर्षानुवर्षं त्या चालत राहिल्या, त्यांची श्रद्धा खोल होत गेली, आणि केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या शेकडो मुलीबायका त्यांच्या आसऱ्याला राहिल्या.

ग्रेगरीचे ग्रंथ पूर्वेकडच्या चर्चमध्ये वाचले जात राहिले. पश्चिमेत ते बराच काळ मागे पडले होते. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन टाचेखालच्या फ्रान्समध्ये, काही जेझुइट अभ्यासकांनी आद्य ख्रिस्ती लेखकांचे ग्रंथ प्रसिद्ध करायला एक माला सुरू केली. तिचा पहिला खंड, १९४२ सालचा, म्हणजे ज्याँ दानिएलू यांनी फ्रेंचमध्ये आणलेलं ‘मोशेचं जीवन’. माणसांची किंमत ठरवून त्यांना आगगाड्यांतून मरणाकडे पाठवणाऱ्या राजवटीच्या काळात, सुरुवातीला हे पुस्तक निवडावंसं वाटलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आज जगभर ग्रेगरीचा अभ्यास होतो.

रमाबाईंनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि १९२२ साली मृत्यूच्या थोडं आधी ते काम पुरं केलं. बायबल थेट मूळ भाषांतून मराठीत आणण्याची वाट त्यांनी चालून दाखवली आहे. तिच्यावरून पुढे जाऊन कुणा अभ्यासकाने ‘मोशेचं जीवन’ आणि गुलामगिरीवरचं ते प्रवचन मूळ ग्रीकवरून मराठीत आणावं. पुस्तक लहान आहे, प्रवचन तर त्याहून लहान. ख्रिस्ती असो वा नसो, देवाविषयी विचार करणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाच्या हाती ती दोन्ही असायला हवीत.